आठ नंबरची राहिलेली फेरी

शनिवारी दुपारी पाइन हॉलोचा जुना ट्रॅक पुन्हा सुरू व्हायचा होता, म्हणून इमोजीन यौंटनं सकाळी उठून छत्तीस अंडी उकडली. मोहरी आणि मेयोनेज घालून भरलेली तिची अंडी चर्चच्या प्रत्येक जेवणात सगळ्यांत आधी संपत, आणि रिकामं ताट घरी नेताना तिला मनातून फार बरं वाटे. त्या दिवशी मात्र सोलतानाच चार अंडी फुटली. तिचा नवरा हॉइल टेबलापाशी बसून आपले बूट पुसत होता. आज कोणाचा राग काढतेयस त्या बिचाऱ्या अंड्यांवर, असं त्यानं विचारलं. तिनं पुढचं अंडं सोलायला घेतलं.

हॉइल एक्क्याऐंशीचा. वसंतात डॉक्टरांनी हृदयाचं सांगितल्यापासून त्याला जिना चढायलाही मनाई होती, आणि आज हा बाबा आपली एक्केचाळीस नंबरची जुनी गाडी घेऊन ट्रॅकवर दहा फेऱ्या मारणार होता. चौसष्ट सालची शंभर फेऱ्यांची मोठी शर्यत त्यानं जिंकली होती. ते विजेते अजून हयात आहेत म्हटल्यावर ट्रॅकवाल्यांना आणखी काय हवं होतं! गाडी त्यांनीच कुठल्याशा गोठ्यातून शोधून काढून रंगवली होती. हळूहळू चालवायची आहे, नुसती मिरवणूक आहे, असं हॉइल आठवडाभर सांगत होता, आणि आठवडाभर त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक दिसत होती. इमोजीनला ती चमक ओळखीची होती. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती हृदयाच्या आजाराची नव्हती.

ट्रॅक त्रेचाळीस वर्षं बंद होता. मधल्या काळात पाइनची झाडं पार तिसऱ्या वळणाच्या कठड्यापर्यंत आली होती. मोठमोठ्या शर्यती शहराकडे गेल्या, सिमेंटच्या भल्यामोठ्या मैदानांत गेल्या. आता गाडीत एक लहानशी डबी बसवतात, ती रेषेवरून गेली की संगणक आपोआप फेरी मोजतो. पूर्वी असं नव्हतं. प्रत्येक गाडीमागे एक माणूस मचाणावर बसे, बहुतेक करून एखाद्या चालकाची बायको नाहीतर बहीण. आपली गाडी समोरून गेली की मोठ्या घड्याळाकडे बघायचं आणि कार्डावरच्या पुढच्या चौकटीत वेळ लिहायची. शंभर फेऱ्या, शंभर चौकटी. पाइन हॉलोचा एक नियम होता: कोणालाही आपल्याच माणसाची गाडी मोजायला देत नसत. इमोजीनचं हॉइलशी लग्न ठरलेलं होतं, म्हणून त्या शर्यतीत तिला आठ नंबर दिला होता. कॉय सेट्झरची गाडी.

रेने सिग्मन या समारंभाची सगळी धावपळ करत होती. तिनं इमोजीनला हाताला धरून मचाणावर चढवलं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं मिसच म्हणत.

"मिस इमोजीन, आज तुम्ही जुन्या पद्धतीनं मोजून दाखवायचं. आणि गाडी कोणती, सांगा बरं? तुमच्या हॉइलची."

"आम्हाला आपल्या माणसाची गाडी देत नसत," इमोजीन म्हणाली.

"आता कोण अडवतंय?" रेने हसली. तिनं जुन्या नमुन्यावर छापलेलं कोरं कार्ड आणि पेन्सिल पुढे ठेवली. मग मोठ्या कौतुकानं एक पुठ्ठ्याची पेटी उघडली. जुन्या मालकाच्या माळ्यावर चौसष्टची मूळ कार्डं सापडली होती. संध्याकाळी ती काचेखाली लावायची होती. सगळ्यांत वर आठ नंबरचं कार्ड होतं, वीस वर्षांच्या इमोजीनच्या वळणदार अक्षरातलं. नव्व्याण्णव चौकटी भरलेल्या. शंभरावी रिकामी.

रेने खाली गेली. इमोजीननं ते कार्ड उलटं करून ठेवलं, पण त्यानं काय होणार होतं?

अठ्ठावन्न वर्षं तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं. बासष्टाव्या फेरीला तिचं लक्ष कॉयच्या गाडीवर नव्हतं. हॉइलची लाल एक्केचाळीस दुसऱ्या वळणावर कठड्याला घासली होती आणि तिचा जीव तिकडे अडकला होता. तेवढ्यात आठ नंबर समोरून गेली. तेव्हा गाडीत बोलायची काही सोय नसे. चालक खिडकीतून दोन बोटं वर करून आपल्या मोजणारीला विचारत, लिहिलंस ना? आणि ती मान डोलावत असे. कॉयनं दोन बोटं वर केली, तिनं मान डोलावली, आणि लिहिलं काहीच नाही. शेवटी कॉय पुढे होता, हॉइल त्याच्या मागोमाग. पण कार्डाप्रमाणे कॉयच्या नव्व्याण्णवच झाल्या होत्या. विजयाचा काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा त्याच्यासाठी हलला नाही, मागून येणाऱ्या हॉइलसाठी हलला. झेंडा दिसला नाही म्हणून कॉय त्याच वेगानं आणखी एका फेरीवर गेला. तिसऱ्या वळणावर त्याची गाडी कठडा ओलांडून पाइनमध्ये गेली. तो तेवीस वर्षांचा होता.

मागून कार्ड तपासताना एका फेरीला दुप्पट वेळ दिसला. पंचांनी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, ट्रॅकच्या मागच्या बाजूला त्याची गाडी गरगरली होती, धुळीत तुम्हाला दिसली नसेल. सगळ्यांनी विश्वास ठेवला. पुढच्या जूनमध्ये तिचं लग्न झालं.

चार वाजायला आले तेव्हा सहा जुन्या गाड्या ट्रॅकवर आल्या. टाळ्या झाल्या. लोक उकडलेल्या शेंगा खात कुंपणाशी उभे होते. ऊन तिरपं होऊन तांबड्या मातीवर पसरलं होतं. धूळ उडू नये म्हणून सकाळीच पाणी मारलं होतं आणि ओल्या मातीचा वास येत होता. हॉइल पहिल्यांदा समोरून गेला तेव्हा तिनं घड्याळ बघून वेळ लिहिली. पेन्सिल हातात घेताच बोटांना सगळं आठवलं. दुसरी फेरी. तिसरी. गाड्या वरातीच्या चालीनं चालल्या होत्या. आपण उगाच घाबरत होतो, असं तिला वाटू लागलं.

सहाव्या फेरीला तिला सातवा आवाज ऐकू आला.

मोजणारीचा कान फसत नाही. सहा इंजिनं संथ गुरगुरत होती आणि त्यांच्या मागे, झाडांच्या बाजूला, एक इंजिन पूर्ण जोरात पळत होतं. तिनं खाली पाहिलं. कोणी मान वळवली नव्हती. ओल्या मातीचा वास गेला होता आणि नाकात कोरडी, तापलेली धूळ शिरत होती. तिसऱ्या वळणावरून तांबड्या धुळीचा लोट उठला. त्यातून निळी गाडी बाहेर आली. दारावर पांढरा आठ होता.

ती हॉइलच्या मागे लागली. खिडकीत अंधार होता, भर उन्हात विहिरीत असतो तसा. मचाणासमोर येताच त्या अंधारातून एक हात बाहेर आला आणि दोन बोटं वर झाली.

इमोजीनची मान हलली नाही. तिला हलवता येईना.

दहा फेऱ्या झाल्या, झेंडा हलला, पाच गाड्या आत वळल्या. एक्केचाळीस वळली नाही. उलट तिचा वेग वाढला. अकरावी, बारावी, तेरावी. झेंडेवाला पोरगा हसत होता. म्हाताऱ्याच्या अंगात आलं, असं कुंपणापाशी कोणीतरी म्हणालं आणि पुन्हा टाळ्या पडल्या. निळी गाडी आता त्याच्या पुढे होती आणि हॉइल तिच्या मागोमाग, अगदी त्या दिवशीसारखा. दर फेरीला तिसऱ्या वळणावर एक्केचाळीस कठड्याच्या आणखी जवळ जात होती. दर फेरीला तो हात बाहेर येत होता.

"रेने... त्याला थांबवा," इमोजीन वरून म्हणाली.

"थांबतील हो, मिस इमोजीन. मजा करू द्या त्यांना."

"त्याच्या पुढे... ती निळी..."

"कोणती निळी?"

इमोजीननं पेटीवरचं जुनं कार्ड सुलटं केलं. पेन्सिल दोनदा पडली. कोणती वेळ लिहायची हे तिला आठवावं लागलं नाही, त्या न लिहिलेल्या फेरीची वेळ तिनं अठ्ठावन्न वर्षं पाठ केली होती. शंभराव्या चौकटीत तिनं लिहिलं: चार वाजून अकरा मिनिटं, वीस सेकंद. मग ती उभी राहिली आणि ट्रॅककडे बघून मान डोलावली. रडू तिला आवरत नव्हतं.

बोटं खाली गेली. निळी गाडी रेषेवरून पुढे गेली, मागच्या बाजूला सावकाश झाली आणि झाडांत शिरली. तिथे रस्ता नव्हता.

एक्केचाळीस आत येऊन थांबली. इमोजीन मचाणावरून कशी उतरली ते तिलाच कळलं नाही. हॉइल स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. चेहरा मातीनं माखला होता. लोक जवळ येण्याआधी ती खिडकीत वाकली.

"हॉइल, ती शर्यत कॉयची होती. मी त्याची एक फेरी लिहिली नाही. आणि मग खोटं बोलले."

"मला माहीत होतं," हॉइल म्हणाला.

"कधीपासून?"

"अगं, त्याच्या मागे मीच होतो ना. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?" तो तिच्याकडे बघत नव्हता. "बक्षीस घेतानाही माहीत होतं. तुझ्याशी लग्न करतानाही. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही."

एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि मधे हा कॉय बसलेला होता, असं तिच्या मनात आलं, आणि तिला नवऱ्याची इतकी माया कधी वाटली नव्हती. तिनं त्याच्या गालावरची माती आपल्या रुमालानं पुसली.

"आता लिहिलंस त्याला?"

"लिहिलं."

"मग माझ्या किती झाल्या?"

दहा, असं ती म्हणणार होती. दहाच लिहिल्या होत्या तिनं. पण एक्केचाळीसचं कार्ड अजून हातातच होतं म्हणून तिनं पाहिलं. वरपासून खालपर्यंत चौकटी भरलेल्या होत्या, तिच्याच अक्षरात. तिनं बोटानं मोजल्या.

"नव्व्याण्णव," ती म्हणाली.

हॉइलनं कार्डावर हात ठेवला. "इमोजीन... शेवटची लिहू नकोस."

रेनेनं हॉइलचं ते कार्डही काचेखाली लावायला मागितलं तेव्हा इमोजीननं दिलं नाही. घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या खणात, हात पुसायच्या कापडांखाली ठेवलं. घरातल्या सगळ्या पेन्सिली तिनं शेगडीत घातल्या. पेनंसुद्धा शेजारणीकडे देऊन आली, आणि शेजारीण काय म्हणेल याची तिनं पर्वा केली नाही. रोज दुपारी ती खण उघडून बघायची. शंभरावी चौकट कोरी असायची. पूर्वी न लिहून तिनं एकाचा जीव घेतला होता, आता न लिहून दुसऱ्याचा सांभाळत होती. हॉइल खडखडीत बरा होता. जेवण चांगलं जात होतं, टोमणेही चालू होते. अंडी पुन्हा नीट सोलायला लागलीस, म्हणाला.

बाराव्या दिवशी, बुधवारी, तिनं खण उघडला तेव्हा चौकटीत वेळ लिहिलेली होती. अक्षर तिचं नव्हतं. बारीक, डावीकडे झुकलेलं, घाई न करता लिहिलेलं. चार वाजून सव्वीस मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

तिनं अंगठ्याला थुंकी लावून ते अक्षर पुसून पाहिलं. पुसलं गेलं नाही. मग घड्याळ भिंतीवरून उतरवून तिनं पालथं ठेवलं आणि बाहेर आली. हॉइल ओसरीवर आपल्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होता. ती शेजारी बसली आणि त्याचा हात हातात घेतला. हात गरम होता. समोरच्या रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

"किती वाजले गं?" त्यानं विचारलं.

"तीन," इमोजीन म्हणाली. हे तिचं आयुष्यातलं दुसरं मोठं खोटं. "आत्ताशी तीन वाजतायत. पुष्कळ वेळ आहे."

हॉइल हसला. तिच्या हातातून त्यानं आपला हात हळूच सोडवून घेतला. शेंगांचं भांडं खाली ठेवलं, खुर्चीत नीट मागे सरकून बसला आणि दोन्ही हातांनी कमरेपाशी चाचपू लागला, जणू गाडीतला पट्टा शोधतोय. तिथे काहीच नव्हतं. पण पट्टा अडकल्याचा खट्ट असा आवाज तिनं स्पष्ट ऐकला.