विषम तिथीस डावीकडे

करवंदे बोळाच्या तोंडाशी एक खांब होता आणि त्या खांबावर नऊ पाट्या होत्या. चार जुन्या, गंजलेल्या पत्र्याच्या. तीन शाळा, दवाखाना आणि कचरागाडीच्या वेळांच्या. एक 'येथे सायकल लावल्यास हवा सोडली जाईल' अशी खासगी. आणि सगळ्यांत वर, आठवड्यापूर्वी बसवलेली चकचकीत निळी पाटी: 'सम तिथीस उजवीकडे, विषम तिथीस डावीकडे.' बोळाच्या डाव्या बाजूला चौदा गाड्या उभ्या होत्या. उजवीकडे एकही नव्हती. शाल्मलीने हे सगळं मोजलं, कारण बोळातून तिची ही चौथी फेरी होती आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"गाडी, इथे थांब."

"उजवी कड तांबडी आहे," गाडी म्हणाली. "येथे थांबणे अनुज्ञेय नाही."

पुण्यातल्या निम्म्या पेठांत आता अशी बोलकी कड होती. फुटपाथच्या दगडांत पुरलेली दिव्यांची पट्टी जवळच्या गाड्यांना नियम सांगे आणि गाड्या तो निमूटपणे पाळत. कड हिरवी नसेल तर गाडीचं दारच उघडत नसे. 'आणीबाणी' असं ओरडलं तर उघडे, पण मग मागोमाग रुग्णवाहिका येई आणि तिच्या मागोमाग चौकशी.

मागच्या सीटवर आप्पा, तिचे वडील, कुबड्या मांडीवर घेऊन बसले होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. फाटकापर्यंतची दहा पावलं त्यांना जमली असती, कोपऱ्यावरून येणं नाही. त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र, नाना रिसबूड, आज कायमचे मुलीकडे कॅनडाला निघाले होते. पाच वाजता त्यांची टॅक्सी येणार होती. आता चार पंचवीस झाले होते.

आप्पांचा फोन वाजला. स्पीकरवर नाना होते. "शिऱ्या, कुठे उलथलास?"

"तुझ्या दारात," आप्पा म्हणाले. "चारदा हात केला. तू गॅलरीत झाडांना पाणी घालत होतास."

"मग उतर की!"

"गाडी परवानगी देत नाही. उपासाच्या दिवशी डोकं फिरवतेय नुसती."

"नाना, ही बाजू कधी बदलते?" शाल्मलीने विचारलं. "मध्यरात्री ना?"

"कसली मध्यरात्र! काल पावणेचारला बदलली, परवा पावणेतीनला. सगळ्या गाड्या आपणहून उठून समोर जातात आणि तासभर बोळ तुंबतो. तक्रार केली तर म्हणतात, यंत्रणा अचूक आहे."

परवा पावणेतीन, काल पावणेचार. शाल्मलीला हे आकडे खटकले. बिघाड इतका शिस्तीत सरकत नाही.

"आप्पा, आज उपास कसला?"

"संकष्टी. आत्ता तृतीया आहे, चतुर्थी चार अडतीसला लागते. कॅलेंडर बघत जा कधीतरी."

तिने मान वळवून खांबाकडे पाहिलं. सम तिथीस. जुन्या पत्र्यावर 'सम तारखेस' होतं. नियमावली उत्तरेतल्या कुठल्याशा कंपनीने लिहिली असणार. तिकडे तिथि म्हणजे तारीख. मराठीत आणताना कुणीतरी शब्द बदलला नाही, फक्त शेवटची वेलांटी दीर्घ केली. कडेतल्या यंत्रमेंदूचं मराठी मात्र चोख होतं. त्याने तिथी वाचली आणि पंचांग उघडलं. चंद्र सूर्यापासून आणखी बारा अंश पुढे सरकला की तिथी बदलते, मग घड्याळात दुपारचे पावणेतीन का वाजलेले असेनात.

"एका वेलांटीसाठी," ती दातओठ खात म्हणाली, "आठवडाभर आख्खी पेठ गोल गोल फिरतेय."

"आता आपणही फिरायचं?"

"नाही. रेंगाळायचं."

थांबायला बंदी होती, हळू चालवायला नव्हती. तिने गाडी मुंगीच्या पावलांनी उजव्या बाजूने नेली. मागचे हॉर्न, स्कूटरवाल्याचं "मावशी, झोप लागली का?" तिने ऐकून घेतलं. नानांच्या फाटकाशी पोचताना चार अडतीस झाले. कड हिरवी झाली आणि दार उघडलं.

आप्पा उतरेपर्यंत समोरच्या चौदाही गाड्या जाग्या झाल्या होत्या. प्रत्येक गाडी दुसरीला अदबीने वाट देत होती, त्यामुळे एकही पुढे सरकत नव्हती. पाचला नानांची टॅक्सी बोळाच्या तोंडाशी आली आणि तिथेच अडकली.

शाल्मलीने तक्रार लिहून काढली: शब्द, वेलांटी, तीन दिवसांच्या वेळा. अशी पुराव्यासकट तक्रार यंत्रणा दोन मिनिटांत तपासून नियम दुरुस्त करी. मग आजची सतरा तारीख विषम ठरली असती, गाड्या डावीकडेच राहिल्या असत्या, बोळ मोकळा झाला असता आणि टॅक्सी आत येऊन नाना निघाले असते. तिचं बोट 'पाठवा'वर होतं. हॉर्न ऐकून तिचं कपाळ ठणकत होतं. मुंबईहून सुटणारं विमान पहाटेचं होतं. नानांच्या मुलीने वाटेतल्या खोळंब्यासाठी चार तास हाताशी ठेवले होते.

दोघं म्हातारे पायरीवर बसले होते, मध्ये साबुदाण्याच्या खिचडीची एकच बशी.

"मीठ कमी आहे," आप्पा म्हणाले.

"पन्नास वर्षं कमीच आहे. आज सांगतोस?" नाना हसले. मग बशी आप्पांकडे सरकवत म्हणाले, "शिऱ्या, तिकडे संकष्टी कधी धरायची रे? इथल्या चंद्रोदयाला की तिथल्या?"

आप्पा बशीतले दाणे चमच्याने एका बाजूला करत राहिले.

शाल्मलीने फोन पालथा घालून मांडीवर ठेवला.

तिची तक्रार यंत्रणेकडे पाच वाजून एकोणीस मिनिटांनी पोचली. बोळ पाच एकवीसला मोकळा झाला. तेव्हा चतुर्थी लागून त्रेचाळीस मिनिटं झाली होती.