उघाडीचे तीन ठोके

श्रावणातल्या अमावास्येची सकाळ होती. जीवन घराबाहेर पडायला निघाला तेव्हा नऊ वाजून गेले होते. परंतु आभाळ इतके खाली उतरले होते, की उजेड पहाटेहून अधिक नव्हता. काम नेहमीचेच होते. उघाडीचे दार टाकून यायचे आणि मग न्याहारीला बसायचे.

"आय कुठं गेली?" छत्री शोधता शोधता त्याने विचारले.

"सीतारामकाकांकडं जाते म्हणाल्या." भावनाने तव्यावरची भाकरी उलटली. "तुम्ही चिंबोऱ्यांना जायची बंदी केल्यापास्नं त्यांना घरात करमत न्हाय. गावात सांगत फिरतात, लेकानं मला कोंडलीय म्हणून."

"सत्तरीची बाई चिखलात उतरते. पाय घसरला तर?"

"मला काय सांगता? त्यांना सांगा. मी सांगितलं तर सून वाईट."

जीवन किंचित हसला आणि निघाला.

रेवदंड्याच्या खाडीकाठच्या त्या गावाची सगळी भातशेती भरतीच्या पातळीहून खाली आहे. मध्ये उभा आहे तो मातीचा बांध. त्याला बाहेरकाठा म्हणतात. त्या बाहेरकाठ्याच्या पोटातून जाणारी वाट आणि तिचे दार म्हणजे उघाडी. ओहोटीला दार वर ओढायचे, शेतातले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे. भरती उंबऱ्याला लागण्यापूर्वी दार खाली टाकायचे. खारे पाणी एकदा खाचरांत उभे राहिले की तीन पावसाळे ती जमीन पीक देत नाही. म्हणून उघाडीच्या माणसाला गावात आजारपणाचीही मुभा नसते.

जीवनच्या आधी चाळीस वर्षे हे काम धर्माजीने केले. त्याची एक रीत होती. दार टाकण्यापूर्वी तो खाडीतल्या तिवराच्या काठीने त्या जुन्या लाकडी दारावर तीन ठोके मारी. "निघा गं लेकुरवाळ्यांनो, दार लावतोय," असे म्हणे. मग काठावर बसून एक विडी ओढी, आणि विडी संपली की दार टाकी. ओहोटीला पाणमांजरे मासळीच्या मागे उघाडीत शिरत. ठोके ऐकले की ती एकामागून एक बाहेर पडत. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला आत वाकलेल्या बायकाही त्याच ठोक्यांवर बाहेर येत. तीन ठोके म्हणजे एका विडीची सवड, हे गावातल्या प्रत्येक बाईला आणि बहुधा प्रत्येक पाणमांजराला ठाऊक होते.

गेल्या वर्षी बाहेरकाठ्यावरून रुंद रस्ता झाला. त्यासाठी तिवरांची रांग तोडली गेली. काठाला दगडांचे अस्तर बसले आणि पाणमांजरांची बिळे त्या दगडांखाली गेली. उघाडीच्या जागी तीस पावलांचा सिमेंटचा बोगदा आला. शेताकडच्या तोंडाला कचरा अडवणारी पक्की जाळी आणि खाडीकडच्या तोंडाला चाकावर चालणारे लोखंडी दार. ज्यांची घरे गेली ती पाणमांजरे या बोगद्यातच विऊ लागली. दुसरी जागा उरली नव्हती.

त्या लोखंडाला धर्माजीने हात लावला नाही. आषाढाच्या झडीत तो वारला, तेव्हा गावात कोरडे लाकूड मिळेना. उघाडीचे जुने दार छपराखाली ठेवलेले होते. त्याच्या फळ्या चितेला लागल्या. तिवराची काठी जीवनने स्वतःच्या हाताने त्याच्या उजव्या अंगाला ठेवली होती. दार, काठी आणि माणूस एकाच दिवशी राख झाले.

जीवन भला माणूस होता. दर पौर्णिमेला तो विहारात जाई, शील घेई, सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची प्रार्थना म्हणे. पण ठोक्यांची रीत त्याने चालवली नाही. सुशिक्षित माणसाने दारावर काठी आपटत बसावे, हे त्याला शोभेसे वाटले नाही. विहारात ओठांवर असलेली आणि कामाच्या जागी न आठवणारी प्रार्थना ही प्रार्थना नव्हे. ते पाठांतर होय.

त्याचे फळ त्याने पाहिलेही होते. यंदाच्या ज्येष्ठात, एका ओहोटीला दार वर ओढताच आतून पाण्याबरोबर एक पाणमांजर बाहेर आले. मेलेले. पुढच्या पंजांची नखे मुळापासून तुटलेली. दाराच्या आतल्या बाजूच्या लाल रंगावर खालपासून वरपर्यंत ओरखडे होते. जीवनने बांबूने ते कलेवर खाडीत लोटले आणि घरी येऊन अंघोळ केली. कोणाला काही सांगितले नाही. भावनालाही नाही.

आज तो उघाडीपाशी पोचला तेव्हा पाऊस थांबला होता. वारा पडला होता. चिखलाचा आणि कुजलेल्या पाल्याचा वास बांधावर बसून राहिला होता. उधाणाच्या सकाळी खाडीवर बगळ्यांचा आणि टिटव्यांचा गलका असतो. आज बगळे होते, पण गलका नव्हता. रस्त्याच्या कठड्यावर पंधरा-वीस बगळे ओळीने बसले होते. आणि मासळी सोडून, सगळेच्या सगळे उघाडीच्या दाराकडे पाहत होते.

खाली खाडीत एक पाणमांजर पोहत होते. डोके वर काढून बारीक शीळ घालायचे, बुडायचे, पुन्हा वर यायचे. ते दारासमोरून हलत नव्हते.

पाणी उंबऱ्याखाली चार बोटांवर होते. जीवनने चाक धरले आणि फिरवू लागला. दार करकरत निम्म्यावर आले.

ठक... ठक... ठक.

त्याचे हात थांबले.

आवाज आतून आला होता. घाईचा नव्हता. संथ, सारख्या अंतराचा. जीवनने स्वतःला समजावले, की ओंडका आपटला असेल. पण ओंडका मोजून तीन वेळा आपटत नाही. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्याच्या मनाला लगेच कळली आणि बुद्धीला कळायला वेळ लागला. बोगदा सिमेंटचा होता, दार लोखंडाचे होते. आणि हा आवाज लाकडावर लाकूड आपटल्याचा होता. भरल्या, जुन्या, पाणी प्यालेल्या सागावर तिवराची काठी. लहानपणापासून त्याने तो हजार वेळा ऐकला होता.

ओरखड्यांची आठवण त्याच्या पाठीच्या कण्यातून उतरली. चाक फिरवावे, दार टाकावे, पळावे, एवढेच त्याला सुचत होते. मागे साठ घरांची शेते पोटरीला आली होती. पाणी आता उंबऱ्याखाली दोन बोटांवर होते.

तरी हात चालेनात. पुढे त्याने प्रांजळपणे कबूल केले, की ती दया नव्हती. ती भीती होती. माणूस कधी कधी भीतीनेही योग्य वागतो.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. एक विडी संपावी इतका असेल. त्याने डोळे मिटून चाकावर जोर दिला, तोच पुन्हा...

ठक... ठक... ठक.

या वेळी जरा जोरात. जणू न ऐकणाऱ्या मुलाला दुसऱ्यांदा सांगावे तसे.

खिशातला फोन वाजला आणि जीवनच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. भावना होती.

"ऐकताय ना? काका आलेत घरी. आय तिकडं गेल्याच न्हाईत... खुंटीवरची कोयतीबी न्हाय. टोपलीबी न्हाय."

चिंबोऱ्या सर्वांत जास्त कुठे मिळतात, हे जीवनला ठाऊक होते. पलीकडच्या तोंडाला जाळी होती. बाहेर यायला हे एकच दार होते, आणि ते त्याने निम्म्यावर आणले होते. दार पडले असते, तर शेतातल्या पाण्याने घटकाभरात बोगदा छतापर्यंत भरला असता.

त्याने चाक उलटे फिरवले. खाडीचे पाणी उंबरा ओलांडून आत धावले. तो लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरला आणि अंधारात ओरडला, "आये... आये..."

बराच वेळ फक्त पाण्याची खळखळ होती. मग आतून, अगदी सावकाश, उत्तर आले.

"येते रे. वरडतोस कशाला? मी भैरी न्हाय."

त्याची आई जनी गुडघाभर पाण्यातून भिंत धरत आली. कोयती कमरेला, टोपली कुठेच नाही, आणि पदराच्या ओच्यात काहीतरी धडपडत होते. जीवनने तिचा दंड धरून तिला पायरीवर ओढले. तिने आधी ओचा सोडला. मुठीएवढ्या डोक्याचे, ओले, तपकिरी पिल्लू पाण्यात पडले. समोरचे पाणमांजर शीळ घालत झेपावले, त्याने पिल्लाला मानेला धरले, आणि दोघे दगडांआड दिसेनासे झाले.

जीवन वर धावला. दार बसले तेव्हा खारे पाणी आत शिरले होते, पण थोडे. बांधालगतचे पहिले खाचर तेवढे बुडाले. ते त्याचे स्वतःचे होते. यात त्याला अन्याय वाटला नाही.

कठड्यावरचे बगळे केव्हा उडाले, ते त्याला कळलेही नव्हते. टिटव्या ओरडू लागल्या होत्या.

मायलेक काठावर बसले. जनी पदर पिळत होती.

"आत काय करत व्हतीस?"

"नायलॉनचं जाळं अडकलं व्हतं जाळीला. त्यात त्ये पिल्लू. कापत बसले." ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तू घरी बोलशील त्ये आता बोलून घे."

"दार पडताना दिसलं न्हाय तुला?"

"दाराकडं पाठ व्हती. पण ठोके ऐकले की. म्हटलं, एका विडीची सवड हाय. जाळं अर्धं ऱ्हायलं व्हतं, तर पुन्हा तीन ठोके वाजले. म्हटलं, आज धर्मा दोन विड्या वढतोय, बरं झालं..."

ती बोलता बोलता थांबली. तिने लोखंडी दाराकडे पाहिले. मग जीवनच्या रिकाम्या हातांकडे.

"काठी तू मारलीस?" तिने हळूच विचारले.

"न्हाय."

मग जीवनने तिला ज्येष्ठातले ते मेलेले पाणमांजर सांगितले. नखे सांगितली, ओरखडे सांगितले, बांबूने लोटून दिले तेही सांगितले. सांगून झाल्यावर तिने हात जोडले, आणि जीवनने तिच्या मागोमाग विहारातली तीच प्रार्थना तिथे चिखलात बसून म्हटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा अर्थ त्याला लागत होता.

उठताना जनी म्हणाली, "भाकऱ्या गार झाल्या असतील. चल. आन् उद्यापास्नं काठी घेऊन येत जा. मेलेल्या माणसाला किती दिवस कामाला लावशील?"

जीवनला हसू आले. छातीवरचा दगड उतरल्यासारखा तो मोकळेपणाने हसला.

त्या दिवसापासून तो प्रत्येक भरतीला बांबूची काठी घेऊन जातो. लोखंडी दारावर तीन ठोके मारतो. विडी तो ओढत नाही. तेवढा वेळ हात जोडून उभा राहतो. पाणमांजरे बाहेर पडतात, पिल्लेही. गेल्या हिवाळ्यात त्याने सात मोजली. भीती आता वाटत नाही. जनीला चिंबोऱ्यांची बंदीही उरलेली नाही.

एक गोष्ट मात्र तो कोणाला समजावून देऊ शकत नाही. लोखंडावर बांबू मारला की आवाज लोखंडाचाच होतो, कर्कश आणि पोकळ. तो बोगद्यात शिरतो, जाळीपर्यंत जातो आणि परत येतो. परत येतो तो आवाज लाकडाचा असतो.