मायलेकींची वजाबाकी

आपत्कालीन विभागाच्या दारातच मृदुलाच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली गेली आणि सातव्या मिनिटाला ती अंधारखोलीत आडवी झाली. २०५२ सालच्या नाशिकमध्ये अर्धशिशीच्या रुग्णाला ट्यूबलाइटखाली तासन्‌तास बाकावर बसवत नसत.

तिच्या आईला, विमलबाईंना, हे सगळे चोचले वाटले. "डोकं कुणाचं दुखत नाही?" त्या म्हणाल्या. "बाराव्या वर्षापासून हिची हीच नाटकं. आता चौतिशी आली."

"आई, हळू बोल ना," मृदुला कण्हली.

डॉ. फरीदा तांबोळींनी दोघींच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या चढवल्या.

"मला कशाला?" विमलबाईंनी विचारलं.

"मावशी, अर्धशिशीचा झटका म्हणजे मेंदूवरून सावकाश सरकणारी लाट. झाडाच्या खोडात वर्षागणिक वलय उमटतं ना, तशी प्रत्येक लाट मागे खूण ठेवते. ही टोपी ती वलयं मोजते. पण घराण्यागणिक मेंदूची ठेवण वेगळी. आजार नसतानाही थोड्या खुणा दिसतात. म्हणून रक्ताच्या नात्यातलं निरोगी माणूस शेजारी बसवायचं आणि त्याचा आकडा रुग्णाच्या आकड्यातून वजा करायचा. उरतो तो आजार. तुमचं डोकं दुखतं कधी?"

"छे! मला काय धाड भरलीय?"

पडद्यावर शून्य उमटलं. शून्य आलं की अर्धशिशीवरचं नवं इंजेक्शन मिळत नसे; साधी गोळी देऊन घरी पाठवत.

"बघा! मी सांगत होते ना?"

मृदुलानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "मग मी वेडीच असेन," ती म्हणाली. ते ऐकून विमलबाईंना जिंकल्याचं समाधान काही वाटेना.

डॉक्टरांनी मृदुलाचा घामेजलेला तळवा चाचपला. नाटकाला असा घाम सुटत नाही. त्यांनी वजाबाकीआधीचे आकडे उघडले.

"मावशी, हिची वलयं चारशे बारा आहेत."

"मग शून्य कसं आलं?"

"तुमची एकवीसशे आहेत. उत्तर उणे आलं की यंत्र शून्यच दाखवतं."

"तुमचं यंत्र बिघडलंय. माझं दुखत नाही. आठवड्याला एकदा कपाळ ठणकतं, डोळ्यांपुढं चमकतं, मळमळतं. सुंठ उगाळून लावायची, फडकं आवळायचं नि पोळ्या लाटायच्या. आत्ताही ठणकतंय. ते काय दुखणं? सगळ्यांनाच होतं."

"नाही होत, मावशी."

मृदुलाला इंजेक्शन मिळालं. अर्ध्या तासात तिनं स्वतःच पट्टी काढली आणि चहा मागितला. तिच्या गालांवर परतलेला रंग पाहून विमलबाईंचा जीव भांड्यात पडला. "मी तुला नाटकी म्हणाले गं," त्या पुटपुटल्या.

"आता तू घे," मृदुलानं त्यांचा दंड पुढे केला.

डॉक्टर दाराशी फोनवर हलक्या आवाजात सांगत होत्या: शून्य म्हणून परत पाठवलेल्या सगळ्यांना बोलवा, नातेवाइकांसकट.

इंजेक्शन घेऊन विमलबाई पडून राहिल्या. कधीतरी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या.

"दुखतंय?" मृदुलानं विचारलं.

"काहीच नाही गं." त्यांना हसू फुटलं. "केवढं मोकळं वाटतंय! बाकीची माणसं रोज अशीच असतात?"

"हो, आई."

विमलबाईंचं हसू हळूहळू मावळलं.

"मग एवढं सुख असून ती एकमेकांवर खेकसतात कशाला?"