मधूचा उजवा हात

अंशुल, तो मोबाईल पालथा ठेव जरा. उजेड डोळ्यांत जातो. हां. आता ऐका.

मानसिंगराव माझ्या चांगल्या ओळखीचे. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, म्हणून मी सांगतो. दर्पण कॉलनीत घर, शहराबाहेर पत्र्याच्या शेडात कारखाना. तिथे पत्रा ठोकायच्या प्रेसवर ट्रंकांच्या कड्या निघायच्या. मानसिंगराव वाईट माणूस म्हणावा असे नव्हते, पण माल वेळेत गेला नाही की त्यांना झोप लागत नसे.

दोन वर्षं झाली. खंडेनवमीची रात्र. त्यांच्या बायकोने, शालिनीताईंनी, घरातली जुनी तलवार पुजली आणि म्हणाल्या, "अहो, कारखान्यातल्या मशीनला फूल वाहायचं राहिलंय."

"उद्या बघू."

"उद्या दसरा. अवजारं आज पुजतात, हेही आता मीच सांगायचं? फौजेतलं घराणं म्हणून मिरवता नुसतं."

मानसिंगराव हसले, स्कूटर काढून निघाले.

शेडात कुणी नाही. कामगारांना सुट्टी, मेन स्विच बंद. त्यांनी प्रेससमोर निरांजन लावलं.

आता ही प्रेस कशी, तर तिला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण त्यात वेळ जातो. म्हणून मानसिंगरावांनी एका बटणात लाकडाची फाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. त्याच उन्हाळ्यात मधू नावाच्या कामगाराचा उजवा हात त्यात गेला. चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. मानसिंगरावांनी आधी फाचर काढली, मग मधूला उचललं. दवाखान्यात सांगितलं, घरी म्हशीसाठी चारा कापत होता, हात कुट्टीच्या मशीनमध्ये गेला. मधूची शुद्ध हरपलेली, तो काय बोलणार? जखम चिघळली, विष अंगात भिनलं, आठवड्यात गेला बिचारा. बायको भरपाई मागायला आली, तिलाही हेच ऐकवलं. कुट्टीच्या मशीनमध्ये गेला, बाई. आमचा काय संबंध?

तर, साच्याला हळदकुंकू लावायला मानसिंगरावांनी हात आत घातला. वीजच बंद, भ्यायचं कशाला?

कुंकू लावलं. हात मागे घेतला.

येईना.

मनगट कुणीतरी धरलं होतं. गार. घट्ट. निरांजनाच्या उजेडात त्यांनी पाहिलं. कुणी नव्हतं. पण पकड कळत होती... एका बाजूने अंगठा. दुसऱ्या बाजूने नुसता तळवा. बोटं नव्हती.

"मधू..."



डावं बटण आत गेलं. आपोआप.

"मधू, सांगतो. सगळ्यांना सांगतो. फाचर मीच मारली होती. तुझ्या बायकोचं जे असेल ते..."

 लांब कुठेतरी देवीचं जागरण चाललं होतं. वात तडतडली.

मग कानाशी, हळू, नेहमीच्या अदबीने...

"आता कोण मानेल, रावसाहेब?"

उजवं बटण आत गेलं.

...

किंकाळी ऐकून शेजारचा चौकीदार धावला. त्यानेच त्यांना दवाखान्यात पोचवलं. मानसिंगराव पूर्ण शुद्धीवर होते. एकच सांगत होते, "प्रेसमध्ये गेला हो. माझ्याच प्रेसमध्ये."

चौकीदार डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाला, "मॅडम, प्रेस तो सूखी पड़ी है. खून का एक छींटा नहीं. मेन स्विच भी बंद था."

 जखम धुता धुता बाईंचा हात थांबला.

"काका, घरी गाईम्हशी आहेत का?"

"दर्पण कॉलनीत? नाही हो."

त्यांनी चिमटा उचलला. जखमेतून एकेक तुकडा काढून स्टीलच्या ताटलीत ठेवत गेल्या... बारीक, एकसारखी कापलेली वैरण. हिरवीगार.

अजून तिचा रस गळत होता.