तीनदा खंगाळलेली बाटली

औरंगाबादच्या वेशीवर, कारखान्यांमागच्या वस्तीवर प्रेरणाची चप्पल तुटली, अन् नेमका तेव्हाच बोअरचा मालक सोमनाथ समोर आला. दुष्काळाचं दुसरं वर्ष, डोकं फोडणारं ऊन. बोअरच्या पाण्यात क्रोमियम किती उतरलंय ते तपासायला ती प्रयोगशाळेतून आली होती, आणि बोअर दोन शेतं लांब!

"लिंबाखाली बसा मॅडम. बाटली मी आणतो भरून."

"आधी त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची बरं का!"

"तुमच्यासाठी तेरादा खंगाळतो," तो हसला... आणि गेली की बाई विरघळून! नमुना स्वतःच्या हातानं घ्यायचा, हे तिचं पहिलं शिक्षण. पण त्या हसण्यापुढं आठवतंय कुणाला?

अहवाल आला — पिण्यास योग्य. मग फोन, मग क्रांती चौकातला चहा, मग रोजच काहीतरी निमित्त. चार महिन्यांनी सोमनाथच्या आईनं, आवडाबाईनं तिला घरी बोलावलं. सून म्हणून पाहायला, दुसरं काय!

आवडाबाईचे पाय सुजून टम्म झाले होते. "किडनीचं म्हणत्यात डागदर. पहिलं टँकरच्या रांगेत मरत व्हते. तुझा कागद आला अन् सुटले बघ! आता घरच्या बोअरचंच पाणी पिते. घे माय, गूळ खा, पाणी घे."

प्रेरणा कुठंही गेली तरी स्वतःचं पाणी नेई. आज मुद्दाम आणलं नव्हतं. तिनं तांब्या ओठाला लावला...

सोमनाथनं तो हिसकून घेतला.

"पिऊ नको! ती बाटली... मी टँकरच्या पाण्यानं भरली होती. पाणी खराब म्हणून दोन सोयरिकी मोडल्या माझ्या. तुला बघितलं अन् वाटलं — हिच्या कागदावर तरी आपलं घर नासकं नको."

"आणि आई पीत राहिल्या? चार महिने?"

"टँकरचं भरून ठेवूनच कामावर जायचो. ते संपलं की ती..." आवडाबाईनं त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि दाराबाहेर ओतून टाकला.

प्रेरणाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसंही. बाटली त्याच्या हातात तिनंच तर दिली होती!

गाडीच्या डिकीतून तिनं रिकामी बाटली काढली. ढेकळं तुडवत बोअरपर्यंत गेली, तीनदा खंगाळून स्वतः भरली. लेबलवर स्वतःचं नाव लिहिलं. तो मागं उभा होता.

"नोकरी जाईल ना तुझी?"

"जाईल बहुतेक."

"अन्... मी?"

"तुझ्यावर जीव आहे रे माझा, तीच तर पंचाईत आहे." तिनं डोळे पुसले. "उद्या सकाळी आईंना घेऊन घाटी दवाखान्यात ये. केसपेपरच्या रांगेत मी पुढं उभी असेन."