पिंजऱ्याबाहेरचं प्रवाळ

तिनं दोरी ओढली, पिंजरा वर आला, आणि त्याच्या मागोमाग एक माणूसही वर आला.

बारीक पाऊस पडत होता. होडीत ती एकटीच होती. काळा रबरी पोशाख घातलेला तो माणूस होडीची कड धरून धापा टाकत म्हणाला, "अहो... तो पिंजरा माझा आहे!"

"तुमचा? या खडकावर पिंजरे फक्त माझ्या बाबांचे असतात."

"नीट बघा ना. त्याला तळच नाही."

तिनं पाहिलं. खरंच नव्हता. नुसता जाळीचा टोप, उपड्या झाकणासारखा.

"बिनबुडाच्या पिंजऱ्यात मासे धरता?"

"धरत नाही, बाहेर ठेवतो. आत मी लावलेलं प्रवाळ होतं... तुम्ही छप्पर उडवेपर्यंत."

तिला हसू आवरेना. "चढा वर, पाणकावळेबुवा. थंडीनं ओठ निळे पडलेत तुमचे."

तो समुद्राचा अभ्यास करणाऱ्या कार्यालयात पाणबुड्या होता. मागे एका उन्हाळ्यात समुद्र तापला आणि खडकावरचं प्रवाळ पांढरं पडून मेलं. त्यावर शेवाळ माजलं. तो जिवंत प्रवाळाचे तुकडे आणून तिथं लावत होता. चोचीनं खडक खरवडणारे निळे-हिरवे पोपटमासे ते तुकडे मोडतील, या धास्तीनं त्यानं प्रत्येकावर जाळी घातली होती. तिचे बाबा नेमके तेच मासे धरत. घर त्यावरच चालायचं.

मग तो तिच्याच होडीतून जाऊ लागला. तो तिला कप्तान म्हणे. पाण्यातून डोकं वर काढलं की आधी तिच्याकडे बघायचा, मग आभाळाकडे. तिनं ते हेरलं होतं, पण बोलली नव्हती. दोघं एकमेकांना 'तू' कधी म्हणू लागले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एके सकाळी तो वर आला आणि त्यानं ना तिच्याकडे बघितलं, ना आभाळाकडे.

"काय रे? काय झालं?"

"जाळीखालचं सगळं मेलं. शेवाळानं गिळलं." तो होडीत मटकन बसला. "तू छप्पर उडवलंस ना... तेवढं एक जगलंय. भोवतीचा खडक माशांनी खरवडून लख्ख केलाय. ते शेवाळ खातात, म्हणून प्रवाळाला जागा मिळते. आणि मी राखणदारांनाच चोर समजत होतो."

ती हसली नाही. पाण्यावर बाबांच्या पिंजऱ्यांचे तरंगते डबे हलत होते. दोघंही तिकडेच बघत होते.

"ते काढावे लागतील," ती म्हणाली.

"हो."

"ते आईनं विणलेत. ती गेल्यापासून बाबांनी एकही नवा केला नाही. तुटला तर तिच्यासारखीच गाठ मारायला बघतात. जमत नाही, मग गाठ पुन्हा सोडवतात."

तो म्हणाला, "कार्यालयातून दुसऱ्या कुणाला पाठवू का बोलायला?"

"नको. तूच ये. तुला आणखीही काही विचारायचंय ना बाबांना?"

"तुला... कसं कळलं?"

"अख्ख्या धक्क्याला कळलंय. तूच काय तो मागे राहिलास."

तो संध्याकाळी घरी आला. बाबा दारात बसून जाळीची तार वळवत होते.

"बस. काय काम काढलंस?"

"दोन कामं आहेत, काका." त्यानं आधी पिंजऱ्यांचं सांगितलं. मधेच अडखळला, पण काही लपवलं नाही. खडकाबाहेर खोल पाण्यात गळानं दुसरे मासे मिळतील, पण कमी मिळतील, हेही सांगितलं. बाबांचे हात थांबले.

"आणि दुसरं?"

"तुमची मुलगी... म्हणजे तिची हरकत नसेल तर..."

"आधी माझे मासे, मग माझी मुलगी! घराचं दार तेवढं ठेव हो."

आत तिच्या हातातलं भांडं निसटता निसटता राहिलं.

"तिचं आधी विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो," बाबा म्हणाले. "मग पिंजऱ्यांचं तोंडातून काढणं तुलाच जड गेलं असतं."

"म्हणूनच आधी नाही विचारलं."

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हातातल्या जाळीकडे. "सकाळी या दोघं होडीवर," एवढंच म्हणाले.

सकाळी बाबा आधीच होडीत बसले होते. एकेक पिंजरा त्यांनी स्वतः ओढून काढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शेवटच्यात मासे फडफडत होते. बाबांनी पिंजरा पाण्यालगत धरून दार उघडलं. निळं काहीतरी सळसळत खाली गेलं. रिकाम्या पिंजऱ्यावरच्या गाठींवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"तिला पटलं असतं का गं?"

"आईला रंग असलेला खडक आवडायचा, बाबा."

त्यांनी मान हलवली. "पिंजरे घरी ठेवायचे. टाकायचे नाहीत." मग पाठ फिरवून ते पुढच्या टोकाला जाऊन बसले. "मी पुढं बघतो. तुमचं काय ते बोलून घ्या."

ती सुकाणू धरून होती. तो जवळ सरकला.

"खडक बरा व्हायला किती काळ लागेल?" तिनंच विचारलं.

"खरं सांगू? आपण म्हातारे होऊ कदाचित."

"चालेल," ती म्हणाली. "होऊ या की... बरोबरच."

सुकाणूवरच्या तिच्या हातावर त्यानं आपला हात ठेवला. होडी एकदम वाकडी वळली.

"अरे, कुणीतरी नीट चालवा रे!" पुढून बाबा ओरडले.