एकोणतिसाचा पाढा

मेंदू तपासणारा ठेचमापक जिल्ह्यात येऊन चार वर्षं झाली, तरी कराडच्या प्रशांत म्हेत्र्यांनी तो घरी बोलावला नव्हता. शेवटी मेंदूतज्ज्ञ डॉ. ईरा नगरकर स्वतःच पेटी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

म्हेत्र्यांची पत्नी वर्षाताई, गणिताच्या शिक्षिका, अपघातानंतर नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. डोळे उघडत, मिटत. कोणाकडे बघत नसत. ईराने आधी त्यांची पाठ पाहिली. नऊ वर्षांत एकही शय्याव्रण नाही. इतकी निकोप पाठ तिने रुग्णालयातही पाहिली नव्हती.

म्हेत्रे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. भिंतीवर स्टँडवर असतं तसं वेळापत्रक, आणि प्रत्येक कामाआधी घोषणा. "सहा दहा. कूस डावीकडे."

"कधीच उशीर झाला नाही, काका?"

"गाडी लेट झाली की प्रवासी भांडतात. ही भांडत नाही. मग लेट करून कसं चालेल?"

ईराने वर्षाताईंच्या कपाळावर पट्टी बसवली. "मेंदू पुढचा क्षण आधीच गृहीत धरतो," ती म्हणाली. "जिन्याला एक पायरी जास्त निघाली की आपण कसे दचकतो? अंदाज चुकला की मेंदूला ठेच लागते आणि तेवढ्यापुरता तो जागा होतो. यंत्र त्या ठेचा मोजतं. ठेच लागली की टक वाजतं."

दिवसभर एकही टक वाजलं नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे आत कोणी नाही, असं आम्ही लिहितो."

म्हेत्र्यांनी मान हलवली. संध्याकाळी सात वाजता ते खुर्ची ओढून एकोणतिसाचा पाढा म्हणू लागले. 'तुम्हाला गाड्यांच्या वेळा पाठ, पण एकोणतिसाचा पाढा येईल तर शपथ,' असं वर्षाताई जन्मभर चिडवायच्या. अपघातानंतर म्हेत्र्यांनी तो पाठ केला होता आणि रोज म्हणत होते. आज मात्र मन थाऱ्यावर नव्हतं.

"एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते दोनशे तेरा."

टक. टक टक टक.

ईरा ताडकन उठली. "काय चुकलं?"

"दोनशे तीन हवं होतं," म्हेत्रे पुटपुटले. मग ते पत्नीकडे वळले. "म्हणजे मी सगळं वेळेवर केलं, म्हणून ही झोपली?"

"सगळं वेळेवर केलंत, म्हणून त्या जगल्या," ईरा म्हणाली. ते तिला मनापासून वाटत होतं. पण म्हेत्र्यांचं वाक्य खोटं आहे, असं मात्र तिला म्हणता आलं नाही.

त्या दिवसापासून जन्मभर वेळ पाळलेला तो माणूस चुका करायला शिकला. लिंबाचा वास द्यायच्या वेळी हिंगाचा दिला. दुपारी भूपाळी लावली. साताऱ्याची गाडी समुद्रातून जाते, अशी घोषणा केली. प्रत्येक चूक एकदाच चाले. दुसऱ्यांदा मेंदू ती गृहीत धरी. महिनाभरात हा माणूस चुकतो हेच मेंदूने गृहीत धरलं आणि यंत्र पुन्हा गप्प झालं.

"अजून एक चूक शिल्लक आहे," म्हेत्रे म्हणाले. "नऊ वर्षांत जी कधीच केली नाही."

ईराला ती ठाऊक होती. तिने सुचवली मात्र नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आली, तेव्हा म्हेत्रे खोलीच्या बंद दाराबाहेर उभे होते. सहा दहा झाले. ते आत गेले नाहीत. सहा अकरा. आतून एक टक ऐकू आलं. मग दुसरं. सहा बाराला टकटक सरीसारखी सुरू झाली.

"वाट बघतेय," म्हेत्रे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "डॉक्टर, मी आत गेलो तर?"

"थांबेल."

"आणि नाहीच गेलो तर?"

"काही दिवसांनी त्याचीही सवय होईल."

दाराच्या कडीवर त्यांचा हात होता. आत ती त्यांना बोलावत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हेत्र्यांना उशीर झाला होता, आणि आणखी एकच मिनिट, असं म्हणत ते ऐकत उभे होते.